सीमंकी ठेवायचं, की ब्राउझर आणि ईमेल वेगळे करायचे?

प्रश्न थोडक्यात असा: वडील वकील आहेत, वय ७१. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर (विंडोज १०, चार जीबी रॅम) त्यांनी वर्षानुवर्षं सीमंकी वापरलं आहे, म्हणजे ब्राउझर, ईमेल, पत्त्यांची वही असं सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये. त्यात २००७ पासूनचे मेल आहेत. खाती दोन. एक ऑफिसच्या स्वतःच्या डोमेनचं, दुसरं जीमेल. आता काही साइट नीट उघडत नाहीत. भाऊ म्हणतो, सगळं उडवा आणि जीमेल ब्राउझरमध्येच बघा. बाबांना मात्र 'एकाच ठिकाणी सगळं' हवं आहे.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. ब्राउझर आजच वेगळा करा. ईमेलची घाई करू नका. महिन्या-दोन महिन्यांत, नीट नक्कल काढून मगच ते थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये हलवा. आणि सगळं उडवण्याचा भावाचा सल्ला अजिबात ऐकू नका, निदान खाली लिहिलेली एक गोष्ट तपासल्याशिवाय तरी नाही.

मी गेली वीसेक वर्षं छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यात वकील आणि सीए जास्त, अधूनमधून एखादी पतसंस्था. या लोकांच्या मशीनवर ब्राउझर आणि ईमेल यांचा स्वभाव वर्षानुवर्षं जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. ब्राउझर म्हणजे दूध, रोज ताजं लागतं. ईमेल म्हणजे बरणीतलं लोणचं, हात न लावता वर्षानुवर्षं टिकायला हवं. फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येते आणि ती घ्यावीच लागते, कारण ब्राउझरचा सामना अनोळखी साइटशी असतो. ईमेलच्या प्रोग्रॅमला हा उपद्व्याप नको असतो. बाबांना २०११ सालच्या एखाद्या दाव्यातलं पत्र शोधायचं असेल, तर काल जिथे होतं तिथेच ते आज सापडलं पाहिजे. दोन्ही एकाच भांड्यात ठेवले, की एकाच्या गरजेपायी दुसऱ्याचा बळी जातो.

मग एकत्र संच निघालेच कशाला? त्या काळात त्याला अर्थ होता. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीने १९९७ मध्ये कम्युनिकेटर काढलं. ब्राउझर, मेल, न्यूजग्रुप (म्हणजे इंटरनेटवरचे जुने चर्चागट), वेबपानं बनवायचं कंपोझर, सगळं एका सीडीवर. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट आणलं होतं आणि फोनलाइनवरून जोडणीचे पैसे वेळेनुसार मोजावे लागत. लोक काय करायचे? मोडेम किरकिरला की जोडायचं, मेल खेचून घ्यायचे, लाइन तोडायची, निवांत वाचायचे, उत्तरं लिहून ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा जोडून एकदम पाठवायची. मेल स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेण्याची सवय तिथून आली. शिवाय फोनलाइनवरून दोन मोठे प्रोग्रॅम उतरवून घेणं ही शिक्षाच होती. पान पडद्यावर दाखवणारं एकच इंजिन दोन्ही कामांना वापरलं की जागाही वाचे आणि रॅमही.

नेटस्केपने १९९८ च्या मार्चअखेर आपला सोर्स कोड खुला केला, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि जून २००२ मध्ये मोझिला १.० हा एकत्र संच आला. पण त्याच प्रकल्पातल्या काही जणांना तो संच जड, मेन्यूंनी भरलेला वाटत होता. त्यांनी त्याच वर्षी फक्त ब्राउझर काढला. त्याचं नाव आधी फिनिक्स, मग फायरबर्ड आणि शेवटी फायरफॉक्स झालं. फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आलं, थंडरबर्ड १.० पुढच्याच महिन्यात. मार्च २००५ मध्ये मोझिला फाउंडेशनने जाहीर केलं, की एकत्र संचाच्या नव्या मोठ्या आवृत्त्या आपण काढणार नाही. तेव्हा ज्यांना संचच हवा होता अशा स्वयंसेवकांनी तो हातात घेतला आणि जानेवारी २००६ मध्ये सीमंकी १.० काढलं. तुमचे बाबा जे वापरतात ते हेच. ते अजून चालू आहे याचं मला मनापासून कौतुक आहे. मोजके लोक मोकळ्या वेळात एवढा मोठा कोड जिवंत ठेवतात, हे सोपं नाही.

कौतुक वेगळं आणि ऑफिसचा ब्राउझर वेगळा. सीमंकीची सध्याची २.५३ ही मालिका मुळात २०१७-१८ च्या काळातल्या फायरफॉक्सच्या कोडवर उभी आहे. त्यात नंतरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि काही नव्या सोयी मागून जोडलेल्या आहेत. पण साइट बनवणारे लोक आजच्या ब्राउझरसाठी कोड लिहितात. जुन्या इंजिनाला ती भाषा पुरती कळत नाही, आणि मग पान अर्धवट दिसतं किंवा बटण दाबलं तरी काही होत नाही. बाबांना येणारी अडचण बहुधा हीच. ती सेटिंग बदलून जात नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. आजचे ब्राउझर प्रत्येक साइटचं काम वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटून टाकतात. एक पान अडकलं तरी बाकीची चालू राहतात, आणि एका पानातला घातकी कोड दुसऱ्यापर्यंत सहज पोचत नाही. सीमंकीत ब्राउझरची पानं आणि मेल सगळं एकाच प्रक्रियेत चालतं. म्हणजे डाव्या बाजूला एखादं अवजड पान अडकलं, की उजव्या बाजूला अर्धवट लिहिलेला मेलही गोठतो. रोजच्या कामात वेगळे प्रोग्रॅम हवेत याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हेच, वेग वगैरे नंतर.

रॅमचं म्हणाल तर बाबांच्या बाजूने एक मुद्दा आहे. चार जीबीत फायरफॉक्स आणि थंडरबर्ड दोन्ही उघडे ठेवले, तर सीमंकीपेक्षा मशीन जास्त हाफेल. पण त्यावर उपाय सोपा. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल तर एसएसडी बसवा आणि रॅम आठ जीबी करा. तो खर्च कुठल्याही सॉफ्टवेअरच्या वादापेक्षा जास्त फायदा देतो.

आता भावाच्या सल्ल्याकडे. 'जीमेल ब्राउझरमध्येच बघा' यात जीमेलपुरतं काही चूक नाही. पण ऑफिसच्या डोमेनचं खातं पॉप पद्धतीचं आहे की आयमॅप, हे कोणी पाहिलं आहे का? वर म्हटलेली एक गोष्ट ती हीच. सीमंकीत मेलच्या खिडकीतून खात्यांची सेटिंग्ज उघडा, 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये जा. तिथे सर्व्हरचा प्रकार लिहिलेला असतो, आणि पोर्ट ९९५ असेल तर पॉप, ९९३ असेल तर आयमॅप.

आयमॅप असेल तर खरे मेल सर्व्हरवर असतात, कॉम्प्युटरवर फक्त त्यांची नक्कल. पॉप असेल तर उलट. मेल उतरवून घेतला की सर्व्हरवरचा पुसला जाऊ शकतो, आणि मग बाबांच्या डिस्कवर आहे तीच जगातली एकमेव प्रत. २००७ साली सुरू केलेलं, होस्टिंगवाल्याने लावून दिलेलं खातं पॉप असण्याची शक्यता भरपूर. अशा वेळी 'सगळं उडवलं' तर अठरा-एकोणीस वर्षांचा पत्रव्यवहार गेला. आयमॅपवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ती नक्कल आहे, बॅकअप नव्हे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

मेल नेमके कुठे असतात ते समजून घ्या, म्हणजे हलवताना भीती वाटणार नाही. सीमंकीच्या हेल्प मेन्यूत अडचणींच्या माहितीचं एक पान आहे. तिथून प्रोफाइलचं, म्हणजे तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवलेलं, फोल्डर थेट उघडता येतं. आत 'मेल' नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक पॉप खात्याचं एक. पॉप खात्यात 'इनबॉक्स' नावाच्या दोन फायली दिसतील. एकीला शेवटी काहीच एक्स्टेन्शन नाही, दुसरीला एमएसएफ आहे. बिनशेपटीची फाइल म्हणजे तुमचे सगळे मेल, एकाखाली एक, साध्या मजकुरात. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. एमएसएफ ही फक्त तिची अनुक्रमणिका, ती पुसली तरी प्रोग्रॅम पुन्हा तयार करतो. उपफोल्डर असतील तर ते एसबीडीने संपणाऱ्या फोल्डरात असतात.

हीच फाइलची पद्धत नेटस्केपच्या काळापासून चालत आली आहे, आणि थंडरबर्डही मुळात तीच वापरतो. म्हणून सीमंकीतून थंडरबर्डमध्ये जाणं म्हणजे भाषांतर नव्हे, नुसतं घर बदलणं. आउटलुकच्या बंदिस्त पीएसटी फायलीतून बाहेर पडताना जो घाम फुटतो, तो इथे फुटत नाही. मी संचाच्या विरोधात बोलतो आहे, पण या संचाने वीस वर्षं बाबांचा पत्रव्यवहार कोणालाही वाचता येईल अशा साध्या फायलीत ठेवला, हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण सगळं एका फाइलीत असण्याचे तोटेही आहेत. तुम्ही पुसलेला मेल फाइलीतून लगेच जात नाही, त्यावर नुसती खूण होते. 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जागा मोकळी होते. त्यामुळे इनबॉक्समध्ये दोनशे मेल दिसत असले तरी फाइल तीन जीबीची असू शकते. आणि अँटिव्हायरस! एका मेलच्या जोडपत्रात व्हायरस सापडला म्हणून त्याने आख्खी इनबॉक्स फाइल उचलून कोठडीत टाकली, असे प्रकार होतात. प्रोफाइलचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावं. जोडपत्र उघडताना तो तसंही ते तपासतोच.

हलवण्याचा माझा क्रम सांगतो.

सीमंकी पूर्ण बंद करा, मेलची खिडकीसुद्धा. मग आख्खं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर नकला. पेन ड्राइव्हवर नको. का, ते माझ्याच एका चुकीतून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सीएंच्या ऑफिसात मी असंच फोल्डर पेन ड्राइव्हवर घेत होतो. तो एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला. त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. 'सेंट' फाइल त्याहून मोठी होती. विंडोजने मध्येच एक सूचना दाखवली, मी न वाचता 'वगळा' दाबलं, मशीन फॉरमॅट केलं आणि संध्याकाळी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: 'आम्ही पाठवलेले मेल कुठायत?' ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून नक्कल झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांचं आकारमान बाइटपर्यंत जुळवून बघतो, आणि महिनाभर जुन्या डिस्कला हात लावत नाही. नकलताना एकही सूचना न वाचता पुढे जाऊ नका.

नक्कल पक्की झाली की थंडरबर्ड बसवा, पण खाती जोडायच्या आधी जुने मेल आत घ्या. थंडरबर्डच्या आयात करण्याच्या सोयीत सीमंकीचा पर्याय आहे, तो चालतो. मला मात्र हाताने करणं आवडतं. थंडरबर्ड बंद करायचा, बिनशेपटीच्या फायली (आणि एसबीडीची फोल्डरं) त्याच्या प्रोफाइलमधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवायच्या, नावं बदलून. उदाहरणार्थ 'जुना-इनबॉक्स'. प्रोग्रॅम उघडला की डावीकडे ती फोल्डरं दिसतात. पहिल्यांदा अनुक्रमणिका बनवायला वेळ लागतो. चहा घ्या, बंद करू नका. याचा फायदा असा, की जुना संग्रह नव्या खात्याशी बांधलेला राहत नाही. उद्या होस्टिंग बदललं, डोमेन सोडलं, तरी तो जागच्या जागी.

पत्त्यांची वही वेगळी निर्यात करावी लागते. तिथे सीएसव्ही आणि एलडीआयएफ असे पर्याय येतील. एलडीआयएफ निवडा. बाबांनी पक्षकारांची नावं देवनागरीत लिहिली असतील, तर सीएसव्हीत ती कधी कधी प्रश्नचिन्हांची रांग होऊन बाहेर पडतात. एलडीआयएफमध्ये ती शाबूत राहतात. बुकमार्क एचटीएमएल फाइल म्हणून काढून फायरफॉक्समध्ये घ्या.

मग खाती जोडा. इथे पॉपवाल्यांसाठी एक सापळा आहे. कोणते मेल आधीच उतरवले आहेत याची यादी जुन्या प्रोफाइलमध्ये असते. नव्या प्रोग्रॅमला ती माहीत नसते, म्हणून सर्व्हरवर जे काही पडून असेल ते सगळं तो पुन्हा उतरवतो. दुहेरी दिसले तर घाबरू नका. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही प्रोग्रॅम एकाच वेळी त्या खात्यातून मेल खेचत राहणं. सकाळचे मेल सीमंकीत आणि दुपारचे थंडरबर्डमध्ये, अशी वाटणी होते आणि मग कोर्टाची तारीख कुठल्या मेलमध्ये आली हे कोणालाच सापडत नाही. सीमंकी काढून टाकू नका, पण त्यातलं 'आपोआप मेल तपासा' बंद करा. जमत असेल तर ही संधी साधून होस्टिंगवाल्याला विचारा आणि नवं खातं आयमॅपने जोडा. फोनवरही तेच मेल दिसतील.

जीमेल जोडताना पासवर्ड टाकून काम होत नाही म्हणून लोक गोंधळतात. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डाने बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं मे २०२२ अखेर बंद केलं. आता प्रोग्रॅम गुगलचीच लॉगिनची खिडकी उघडतो, तिथे परवानगी द्यायची. थंडरबर्डमध्ये हे आपसूक होतं.

थंडरबर्डचं रूप २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत बरंच बदललं. बाबांना मेलची यादी दोन-दोन ओळींच्या कार्डांसारखी दिसली तर गोंधळ होईल. यादीच्या वरच्या कोपऱ्यातून ती पूर्वीच्या रकान्यांच्या तक्त्यासारखी करता येते. आणि बसवताना दीर्घ आधाराची (ईएसआर) आवृत्ती घ्या. तिच्यात मोठे बदल साधारण वर्षातून एकदा येतात, मधल्या काळात फक्त दुरुस्त्या. लोणच्याला हेच हवं.

एक संच असा आहे ज्यावर माझे सगळे आक्षेप लागू पडत नाहीत. विवाल्डी. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक जॉन फॉन टेट्झनर यांनी तो काढला. जुन्या ऑपेरातही मेल आत होता, तीच परंपरा त्यांनी इथे चालू ठेवली आणि २०२२ मध्ये विवाल्डीच्या मेलची पहिली पक्की आवृत्ती आली. ब्राउझर क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, आहे, त्यामुळे साइट न उघडण्याची तक्रार नाही. आयमॅप आणि पॉप दोन्ही चालतात. बाबा पंचेचाळीस वर्षांचे असते तर मी तो सुचवला असता. पण तिथे मेल फोल्डरांपेक्षा शोध आणि छाननीच्या नजरेतून मांडलेले असतात, आणि प्रत्येक पक्षकाराचं फोल्डर करून बसलेल्या माणसाला वीस वर्षांची सवय मोडायला लावणं मला पटत नाही. शिवाय संग्रह पुन्हा ब्राउझरच्या पोटात जातो.

कोणी सीमंकी ठेवावं? ज्यांना कंपोझरमध्ये साधी वेबपानं बनवायची असतात, न्यूजग्रुप वाचायचे असतात, किंवा जुन्या मशीनवर फक्त मेल बघायचे असतात. तुम्हीसुद्धा मधल्या काळात हेच करा: ब्राउझिंग फायरफॉक्समध्ये, मेल सीमंकीतच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन ब्राउझर म्हणून फायरफॉक्स निवडा. तरीही मेलमधला दुवा दाबल्यावर तो सीमंकीच्या स्वतःच्याच ब्राउझरमध्ये उघडू शकतो, कारण संचाचा स्वभावच तो. बाबांना सांगा, मेलमधल्या दुव्यावरून बँकेत कधीच जायचं नाही, बँकेचा पत्ता फायरफॉक्सच्या बुकमार्कमधूनच उघडायचा.

राहिला बाबांचा 'एकाच ठिकाणी सगळं'चा हट्ट. त्यांना एकदा विचारा, सीमंकीत ते मेलकडे कसे जातात. बरेच जुने लोक खालच्या डाव्या कोपऱ्यातली छोटी चित्रं दाबतात, नाहीतर कंट्रोल आणि १ दाबून ब्राउझर, कंट्रोल आणि २ दाबून मेल उघडतात. म्हणजे त्यांना एक प्रोग्रॅम नको असतो, एक बोट लांब असलेली दोन कामं हवी असतात. टास्कबारवर सगळ्यात आधी फायरफॉक्स पिन करा, त्याच्या शेजारी थंडरबर्ड. मग विंडोजची कळ धरून १ दाबलं की ब्राउझर येतो, २ दाबलं की मेल. कंट्रोलच्या जागी शेजारची कळ, एवढाच फरक. दोन दिवस चुकतील, तिसऱ्या दिवशी फरक विसरून जातील. फक्त त्या दोन चित्रांच्या आधी दुसरं काही पिन करू नका, नाहीतर आकडे सरकतात आणि तुम्हाला ऑफिसातून फोन येईल.